नवरत्नाला पूर्णवेळ अध्यक्ष मिळेना

२०२४ च्या ऑगस्टमध्ये युनियन बँक ऑफ इंडियाने महानगर टेलिफोन निगमची, म्हणजे आपल्या एमटीएनएलची, खाती गोठवली. हप्ते थकले होते. आता कुणी कुणाची खाती गोठवली ते नीट बघा. बँक सरकारी. कंपनी सरकारी. बँकेच्या संचालक मंडळावर अर्थखात्याचा प्रतिनिधी, कंपनीच्या संचालक मंडळावर दूरसंचार खात्याचा. दोन्ही खात्यांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसतात. थकबाकीदार आणि त्याच्या दाराला कुलूप ठोकायला आलेला सावकार, दोघं एकाच आईची पोरं निघाली, तर त्या आईबद्दल शेजारपाजारचे काय बोलतील? तेच मला या मालकाबद्दल बोलायचं आहे.

आधी कर्जाचा आकडा. २०२५ च्या मध्यावर एमटीएनएलच्या डोक्यावर ३४ हजार कोटींहून जास्त कर्ज होतं. त्यातले आठ हजार कोटींहून जास्त बँकांचे, आणि ते थकलेले. बँका सात: युनियन बँक, इंडियन ओव्हरसीज, बँक ऑफ इंडिया, पंजाब नॅशनल, स्टेट बँक, युको, पंजाब अँड सिंध. खासगी बँक औषधालाही नाही. उरलेला मोठा हिस्सा कर्जरोख्यांचा, सुमारे २४ हजार कोटींचा, आणि त्याला हमी केंद्र सरकारची. या रोख्यांचं व्याज भरायला कंपनीकडे पैसे नाहीत. म्हणून दूरसंचार विभाग तिला व्याजापुरतं आणखी कर्ज देतो, आणि ते कर्ज पुन्हा त्याच ३४ हजारांत जाऊन बसतं. ऋणको सरकार, धनको सरकार, जामीनदार सरकार. शंकराचार्यांना अद्वैत सिद्ध करायला भाष्यं लिहावी लागली. दूरसंचार विभागाच्या मुख्यालयाने, संचार भवनाने, ते ताळेबंदात करून दाखवलं.

पण याच मालकाला विचारा की कंपनी बुडाली कशी. तो ताबडतोब द्वैतात उतरतो. ‘ते’ कर्मचारी फार होते. ‘त्या’ खासगी कंपन्या फार आक्रमक होत्या. ‘ते’ तंत्रज्ञान फार झपाट्याने बदललं. सगळे दोषी, फक्त सही करणारा हात तेवढा निर्दोष.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. एमटीएनएल कामगारांनी बुडवली नाही. अंबानींनी बुडवली नाही. मोबाइल आला म्हणूनही ती बुडाली नाही. मोबाइल आल्यावर जगातल्या कित्येक जुन्या टेलिफोन कंपन्या श्रीमंत झाल्या. ही कंपनी तिच्या मालकाने बुडवली. जेव्हा तिच्याकडे पैसे होते तेव्हा ते काढून घेतले, जेव्हा तिला धंदा करायचा होता तेव्हा दार बंद ठेवलं, आणि जेव्हा तिला वाचवायला एक पूर्णवेळ माणूस हवा होता तेव्हा दुसऱ्या कंपनीचा माणूस ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून पाठवला.

ज्यांना लँडलाइनचं युग आठवत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १ एप्रिल १९८६ ला दूरसंचार खात्यातून मुंबई आणि दिल्ली ही दोन शहरं वेगळी काढून ही कंपनी उभी केली. त्याआधी आणि त्यानंतरही काही वर्षं मुंबईत फोनसाठी नंबर लावून वाट बघणं हा मध्यमवर्गाचा नित्यनेम होता. ज्यांच्याकडे पैसे होते ते ‘ओवायटी’ या योजनेत अनामत भरून रांगेत पुढे सरकायचे. ही रांग एमटीएनएलने मोडली. कूपरेज, गामदेवी, घाटकोपर अशा एक्सचेंजांमधून निघालेली तांब्याची तार या शहरातल्या चाळीत, सोसायटीत, पेढीत, दवाखान्यात पोचली. रस्ता खणायची परवानगी, खांब, पिलर, डीपी, घराच्या भिंतीवरचा तो छोटा पांढरा डबा: हे जाळं आज नव्याने उभं करायचं म्हटलं तर कुठल्याही खासगी कंपनीला घाम फुटेल. प्रभादेवीच्या टेलिफोन हाउसमध्ये बसलेल्या अभियंत्यांनी ते उभं केलं आणि पावसाळ्यात पाण्यात उभं राहून लाइनमननी ते जिवंत ठेवलं. मी त्या माणसांच्या बाजूने लिहितो आहे, हे आत्ताच सांगून टाकतो.

१९९७ मध्ये सरकारने तिला ‘नवरत्न’ केलं. २००१ मध्ये तिचा शेअर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोचला. त्या काळात ती वर्षाला हजार कोटींहून जास्त निव्वळ नफा कमवायची. देशातली दोन सगळ्यात श्रीमंत शहरं हातात, घराघरात तार गेलेली, डोक्यावर कर्ज नाही. हे हातात असलेल्या कंपनीला बुडवायला विशेष प्रतिभा लागते. ती प्रतिभा दिल्लीत होती.

पहिला पराक्रम मोबाइलचा. १९९४ मध्ये चार महानगरांचे मोबाइल परवाने दिले गेले ते फक्त खासगी कंपन्यांना. मुंबईत बीपीएल आली, मॅक्स टच आली. मुंबईचा प्रत्येक फोन ज्या कंपनीच्या तारेवर होता तिला सरकारने सांगितलं, तू बाहेर थांब. का? स्पर्धा यावी म्हणून. स्पर्धा यायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण स्पर्धेत स्वतःच्याच पहिलवानाला आखाड्याबाहेर बसवून कुस्ती लावणारा वस्ताद कुणी पाहिला आहे? १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने तिसरा परवाना दिला आणि एमटीएनएलचं ‘डॉल्फिन’ २००१ मध्ये आलं. तोवर मुंबईतला पैसेवाला ग्राहक पाच-सहा वर्षं दुसरीकडे बिल भरत होता. ‘डॉल्फिन’ आलं, मागोमाग ‘ट्रम्प’ आलं, ‘गरुडा’ आलं, ब्रॉडबँडचं ‘ट्राय बँड’ आलं. नावं भरघोस होती.

त्यात पुन्हा दोन शहरांची वेस. एअरटेल, हच, रिलायन्स सगळ्या देशात जाळं पसरत असताना एमटीएनएलचं राज्य मुंबई-दिल्लीच्या हद्दीत संपायचं. मुंबईहून पुण्याला निघालेल्या माणसाचा फोन घाट चढेपर्यंत परक्या जाळ्यावर गेलेला असायचा, आणि ते परकं जाळं कुणाचं? भारत संचार निगमचं. तीही सरकारीच. एका मालकाच्या दोन कंपन्या एकमेकींच्या जाळ्यांचे पैसे मोजत बसल्या. दोघींना एकत्र करण्याची चर्चा किती जुनी आहे? या शतकाएवढी. मंत्रिमंडळाने विलीनीकरणाला तत्त्वतः मंजुरी दिली २३ ऑक्टोबर २०१९ ला. ‘तत्त्वतः’ मंजूर झालेली गोष्ट व्यवहारात कधी उतरते हे पाहायला दीर्घायुष्य लागतं. पुढे सरकार म्हणालं, एमटीएनएलचं कर्ज फार आहे, म्हणून विलीनीकरण नको. कर्ज वाढवलं कुणी? विलीनीकरण लांबवणाऱ्यांनीच.

आणि आता २०१०. हे साल या कंपनीच्या कपाळावर कोरलेलं आहे.

११ डिसेंबर २००८ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिल्लीत एमटीएनएलची थ्री-जी सेवा सुरू झाली. ‘जादू’ असं तिचं नाव. देशातली पहिली. खासगी कंपन्यांकडे थ्री-जीचा स्पेक्ट्रमच नव्हता, त्यामुळे सुमारे दोन वर्षांची मोकळी धाव मिळाली होती. मग २०१० मध्ये स्पेक्ट्रमचा लिलाव झाला. एमटीएनएल त्या लिलावात उतरली नाही. तिने बोली लावली नाही, किंमत ठरवली नाही, नको म्हणण्याचा पर्याय तिला मिळाला नाही. खासगी कंपन्यांनी एकमेकांच्या ईर्ष्येने जी बोली चढवली, तीच रक्कम तिने भरायची असा हुकूम झाला. थ्री-जीसाठी सुमारे ६,५६४ कोटी. ब्रॉडबँडच्या बिनतारी स्पेक्ट्रमसाठी सुमारे ४,५३४ कोटी. एकूण ११,०९८ कोटी. जिच्यावर कर्ज नव्हतं त्या कंपनीने गंगाजळी खरवडली आणि बँकांच्या दारात गेली. भारत संचार निगमकडून याच वेळी साडेअठरा हजार कोटी घेतले. म्हणजे त्या वर्षी अर्थमंत्र्यांनी लिलावाच्या यशाचा जो डंका वाजवला, त्यातले २९ हजार कोटींहून जास्त सरकारच्या स्वतःच्याच कंपन्यांच्या खिशातले होते. आपल्याच एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातलेल्या पैशाला उत्पन्न म्हणतात, हे मला त्या वर्षी कळलं. फरक एवढाच, की ज्या खिशातून काढले तो खिसा फाटला.

ब्रॉडबँडचा तो स्पेक्ट्रम तर तिने मागितलाही नव्हता. त्यावर चालवायचं तंत्रज्ञान बाजारात उभं राहिलं नाही. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. इथे व्याह्याने घोड्याचे पैसेही आगाऊ वाजवून घेतले. काही वर्षांनी कंपनीने घोडं परत केलं आणि पैसे परत मागितले. तेव्हा सरकारने मन मोठं केलं आणि मागणी मान्य केली. मधल्या वर्षांत कर्जावर चढलेलं व्याज, नासलेली वर्षं, उभे न राहिलेले टॉवर, न टाकलेली फायबर: याचा परतावा कुणी द्यायचा?

थांबा, याहून भारी गोष्ट पुढे आहे. २०१२-१३ मध्ये पाच हजार कोटींहून जास्त तोटा दाखवणाऱ्या याच कंपनीने २०१३-१४ मध्ये ७,८०० कोटींहून जास्त निव्वळ नफा जाहीर केला! एका वर्षात मुंबईकर वेड्यासारखे फोन करू लागले होते का? नाही. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा बोजा सरकारने स्वतःकडे घेतला, स्पेक्ट्रमची रक्कम परत धरली गेली, आणि आधी केलेल्या तरतुदी उलट्या फिरवल्या. कागदावर रत्न पुन्हा चमकलं. पुढच्याच वर्षी पुन्हा अडीच हजार कोटींच्या वर तोटा. तो जो एका वर्षाचा नफा आहे, तो या कंपनीच्या कारभाराचा सगळ्यात प्रामाणिक फोटो आहे. तिचं जगणं-मरणं ग्राहक ठरवत नाही, बाजार ठरवत नाही, तिचे अधिकारी ठरवत नाहीत. संचार भवनातली एक टिप्पणी ठरवते.

आता ‘नवरत्न’ या बिरुदाचं बघा. नवरत्न कंपनीच्या संचालक मंडळाला हजार कोटींपर्यंतची गुंतवणूक सरकारला न विचारता करता येते, हा त्या दर्जाचा गाभा. स्वायत्तता. व्यावसायिकता. उत्तरदायित्व. जड जड शब्द. ज्या मंडळाला हजार कोटी स्वतःच्या बुद्धीने खर्च करायचा अधिकार दिला, त्याच मंडळाला अकरा हजार कोटी दुसऱ्याच्या बुद्धीने खर्च करायला लावले. आणि दीड दशक तोटा सोसूनही सार्वजनिक उपक्रम विभागाच्या नवरत्नांच्या यादीत एमटीएनएलचं नाव होतंच. बँका खाती गोठवतात, सरकार मुकुट काढत नाही.

या मुकुटाखाली डोकं कुणाचं आहे? इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळी कीड इथे आहे.

कंपनीला एक अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक असतो. सरकारी कंपनीत त्याची निवड व्हावी म्हणून एक स्वतंत्र निवड मंडळ आहे, मुलाखती आहेत, दक्षता खात्याचा दाखला आहे, मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीची मंजुरी आहे. एवढी भक्कम यंत्रणा. तिचं फलित काय? २०२० च्या एप्रिलपासून एमटीएनएलचा अध्यक्ष म्हणजे भारत संचार निगमचा अध्यक्ष, अतिरिक्त कार्यभारावर. तेव्हा ते पी. के. पुरवार होते. जुलै २०२४ मध्ये ए. रॉबर्ट रवी आले, आणि त्यांच्याकडे भारत संचार निगमचं अध्यक्षपदही सुरुवातीला सहा महिन्यांचा अतिरिक्त कार्यभार म्हणूनच आलं. म्हणजे अतिरिक्तावर अतिरिक्त. ३४ हजार कोटींचं कर्ज असलेली कंपनी आणि तिच्या प्रमुखाच्या नेमणुकीची मुदत पावसाळी छत्रीच्या हमीइतकी. या व्यक्तींबद्दल माझी तक्रार नाही. ते कर्तबगार असतील, दिवसरात्र राबत असतील. माझी तक्रार त्यांना असं अर्धवट बसवणाऱ्यांबद्दल आहे.

प्रभारी कारभार म्हणजे काय, हे महाराष्ट्राला शिकवायला नको. जिल्हा परिषदेपासून विद्यापीठापर्यंत आपण तो भोगतो. प्रभारी माणूस फाइल पुढे ढकलतो, निर्णय घेत नाही. घेतला आणि चुकला तर मूळ पदावरून जाईल. नाही घेतला तर कुणी काही म्हणणार नाही. दहा वर्षांची योजना सहा महिन्यांचा माणूस कशाला करेल? आणि ज्याची मूळ निष्ठा दुसऱ्या कंपनीशी आहे, तो या कंपनीसाठी भांडेल कुणाशी? स्वतःशी?

हा प्रश्न मी शब्दशः विचारतो आहे. एमटीएनएलचं जाळं आता भारत संचार निगम चालवते. दोन कंपन्यांमधला व्यवहार आहे. कोणी किती द्यायचे, कोणाची तार, कोणाचा टॉवर, कोणाचा ग्राहक. या व्यवहारात टेबलाच्या एका बाजूला एमटीएनएलचा अध्यक्ष आणि दुसऱ्या बाजूला भारत संचार निगमचा अध्यक्ष. एकच माणूस! घासाघीस कशी झाली असेल? भारत संचार निगम शंभर टक्के सरकारची आहे. एमटीएनएल नाही. तिच्यात सरकारचा वाटा ५६.२५ टक्के, बाकीचा वाटा लोकांचा, आणि त्यात आयुर्विमा महामंडळाचे सुमारे १३ टक्के आहेत, म्हणजे तुमच्या-माझ्या विम्याच्या हप्त्यांचे. शेअर बाजारात नोंद असलेल्या एखाद्या खासगी कंपनीच्या मालकाने आपल्याच दोन कंपन्यांमध्ये असा व्यवहार एका माणसाकरवी केला असता, तर छोट्या भागधारकांच्या हिताचं काय, म्हणून किती आरडाओरडा झाला असता! इथे मालक सरकार आहे, म्हणून त्याला ‘समन्वय’ म्हणतात.

संचालक नेमायचा अधिकार राष्ट्रपतींच्या नावाने दूरसंचार विभागाकडे. परवाना देणारा दूरसंचार विभाग. स्पेक्ट्रमची किंमत वसूल करणारा दूरसंचार विभाग. परवाना शुल्क घेणारा दूरसंचार विभाग. मालकही तोच. इतके अधिकार एका छपराखाली गोळा झाल्यावर उत्तरदायित्व कुठे राहतं? ते अतिरिक्त कार्यभाराच्या खुर्चीवर राहतं, आणि तिथला माणूस सहा महिन्यांनी बदलला तर तेही त्याच्याबरोबर जातं.

कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. २०१० मध्ये सॅम पित्रोदा समितीने भारत संचार निगमबद्दल अहवाल दिला. त्यात अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक ही पदं वेगळी करा, बाहेरून जाणकार, धंद्यातली माणसं आणा, असं स्वच्छ लिहिलं होतं. समिती नेमली, अहवाल घेतला, पदं जिथल्या तिथे. २००४ पासून २०२४ पर्यंत दयानिधी मारन, ए. राजा, कपिल सिब्बल, रविशंकर प्रसाद, मनोज सिन्हा, अश्विनी वैष्णव, ज्योतिरादित्य शिंदे असे सात जण या खात्याचे मंत्री झाले. प्रसाद दोनदा झाले. तीन पक्ष, दोन आघाड्या. या बाबतीत सगळ्यांचं एकमत. विचारधारा दिल्लीत कुठे जुळतात याचा शोध घेणाऱ्यांनी संचार भवनात यावं.

आणि वर उपदेश! २०२२ च्या ऑगस्टमध्ये मंत्री अश्विनी वैष्णव यांनी भारत संचार निगमच्या अधिकाऱ्यांना खडसावलं: सरकारी वृत्ती सोडा, काम करा, नाहीतर घरी बसा. त्याच सुमारास एमटीएनएलला भवितव्य नाही, तिथे फार काही करता येणार नाही, अशा अर्थाचंही ते बोलले. ‘सरकारी वृत्ती’ असं सरकारनेच म्हणायचं? कंपनीच्या तिजोरीत हात घालून अकरा हजार कोटी नेले ती वृत्ती कुणाची होती? स्वतःच्याच कंपनीला बाजारात उशिरा सोडलं, दोन शहरांत कोंडलं, पूर्णवेळ प्रमुख दिला नाही, ती वृत्ती कुठल्या लाइनमनची होती? कर्मचाऱ्याला घरी पाठवण्याची धमकी देणाऱ्या मंत्र्याला त्याच्या खात्याने घेतलेल्या निर्णयांसाठी कोण घरी पाठवतं?

कर्मचारी जास्त होते का? होते. २०१८-१९ मध्ये कंपनीच्या उत्पन्नातले शंभरातले ८५ हून जास्त रुपये पगारावर जात होते. हा आकडा भयंकर आहे आणि मी तो झाकणार नाही. पण तो असा का झाला तेही सांगतो. बहुतेक माणसं दूरसंचार खात्यातून सरकारने स्वतः कंपनीत पाठवलेली. त्यांच्या पगाराचं, निवृत्तिवेतनाचं वचन सरकारचं. आणि वरची कमाई आटत गेली की खालचा पगार टक्केवारीत फुगतो, हे चौथीच्या पोरालाही कळतं. मग २०१९ ची स्वेच्छानिवृत्ती आली. ३१ जानेवारी २०२० ला एमटीएनएलमधून १४ हजारांहून जास्त माणसं एकाच दिवशी बाहेर पडली. एक्सचेंज ओस पडले. केबल कुठून जाते हे ज्यांच्या डोक्यात होतं ती डोकी घरी गेली. आता तरी तोटा संपायला हवा होता ना? तो एकदा खाली आला, आणि मग दरवर्षी वाढत वाढत २०२४-२५ मध्ये ३,३०० कोटींच्या वर गेला. कारण त्यातला बहुतांश भाग व्याजाचा आहे. व्याज त्या कर्जाचं, ज्याची पहिली वीट २०१० मध्ये सरकारने ठेवली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला दिलं, आणि पखालही फुटली.

दुसऱ्या बहिणीचं घर तरी बरं आहे का? २०२५ मध्ये महालेखापरीक्षकांनी संसदेला सांगितलं की भारत संचार निगमने रिलायन्स जिओला आपली टॉवर वगैरे यंत्रणा वापरायला दिली आणि करारातली जादा तंत्रज्ञानाची आकारणी मे २०१४ पासून दहा वर्षं केलीच नाही. नुकसान १,७५७ कोटी. दहा वर्षं बिल पाठवलं नाही! चाळीतल्या एखाद्या म्हातारीचं बिल थकलं तर फोन तोडणारी ही व्यवस्था. आंधळं दळत होतं हे मान्य. पण दहा वर्षं पीठ गेलं कुठे, हे विचारायला जात्याजवळ कुणीच नव्हतं? तिथल्या खुर्च्यांवर किती अध्यक्ष, किती संचालक येऊन गेले, कुणावर काय कारवाई झाली, हे मंत्र्यांनी नावानिशी सांगावं. जिओने फोर-जी सुरू केलं २०१६ च्या सप्टेंबरमध्ये. सरकारी कंपनीचं देशव्यापी स्वदेशी फोर-जी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. मधली नऊ वर्षं निविदा काढण्यात आणि रद्द करण्यात गेली. स्वदेशी तंत्रज्ञान बनवणाऱ्या अभियंत्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्यांच्या कर्तृत्वाच्या आड या नऊ वर्षांचा हिशेब लपवू देणार नाही.

सरकारी कंपनी चालूच शकत नाही, असं म्हणणाऱ्या विद्वानांना मी मॉरिशसला पाठवू इच्छितो. तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेले मराठी लोक आहेत, आणि तिथे एमटीएनएलची शंभर टक्के मालकीची एक कंपनी आहे: महानगर टेलिफोन मॉरिशस. ‘चिली’ या नावाने मोबाइल सेवा देते. समोर दोन मातब्बर स्पर्धक असताना बाजारात उभी आहे. तीच आई, तेच रक्त. फरक कशाचा? तिथे जाऊन रोज नाडी बघायला संचार भवनाला जमत नाही. मधे समुद्र आहे.

मुंबईच्या टेलिफोन कामगारांचे नेते अरविंद सावंत लोकसभेत गेले, काही महिने केंद्रात मंत्रीही होते. त्यांनी हा विषय सभागृहात मांडला. पण मुंबईच्या बाकीच्या राजकारणाला एमटीएनएल म्हणजे निवडणुकीआधी मोर्चा काढायची जागा, एवढंच माहीत आहे. मुंबईकराला तर आता ही कंपनी आठवतसुद्धा नाही. खिशात दुसऱ्याचा फोन आहे, घरात दुसऱ्याचं वायफाय आहे, मरेना का ती, असा सूर आहे. हा सूर मला मान्य नाही, आणि कारण भावनेचं नाही. बाजारात तिसरा-चौथा खेळाडू असतो तेव्हाच उरलेले दोघे दर वाढवताना विचार करतात. तो खेळाडू गेला की बिल तुमचं वाढतं.

दुसरं कारण जमिनीचं. २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेतच ठरलं आहे की या कंपन्यांच्या जमिनी आणि इमारती विकून पैसा उभा करायचा. मुंबईत एमटीएनएलच्या जमिनी कुठे आहेत ते डोळ्यांसमोर आणा. दक्षिण मुंबईपासून प्रभादेवीपर्यंत आणि वांद्रे-कुर्ला संकुलापासून उपनगरांतल्या कर्मचारी वसाहतींपर्यंत. लोकांना फोन मिळावा म्हणून लोकांच्या पैशाने मिळालेल्या जागा. त्या विकून आलेला पैसा जाणार कुठे? ज्या कर्जाचा उगम सरकारच्या आदेशात आहे त्याच्या व्याजात. आणि विक्रीच्या कागदांवर कंपनीच्या बाजूने सही कुणाची? अतिरिक्त कार्यभारवाल्याची.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एमटीएनएलची श्वेतपत्रिका संसदेत मांडा: २०१० चा हुकूम कुणी दिला, कंपनीच्या मंडळाने तेव्हा काय लेखी म्हटलं, विलीनीकरण कुणी अडवलं, प्रत्येक जमिनीचा आजचा भाव काय. कंपनी चालवायची असेल तर पाच वर्षांच्या निश्चित मुदतीचा पूर्णवेळ अध्यक्ष द्या, जो फक्त तिचाच असेल. बंद करायची असेल तर तारीख सांगा, कर्मचाऱ्यांचं आणि भागधारकांचं देणं आधी मिटवा. आणि यातलं काहीएक होईपर्यंत मुंबईतला एकही भूखंड विकू नका.

मुंबईत लोकसभेचे सहा खासदार आहेत. तुमचा कोण ते तुम्हाला माहीत आहे. त्याला पत्र लिहा आणि विचारा, एमटीएनएलचा पूर्णवेळ अध्यक्ष कधी नेमणार, आणि तोवर तिची जमीन कुणाच्या सहीने विकली जाते आहे. उत्तर लेखी मागा.